मोटार व्यवसायासाठी वाहतूक आणि लॉजिस्टिक्स व्यवस्थापन शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाहतूक आणि लॉजिस्टिक्स व्यवस्थापनाला प्रवेश घ्यावा की नाही या विचारात असलेले, आणि प्रवेश घेऊन झाल्यावर ‘आता पुढे काय’ म्हणणारे, असे दोन्हीकडचे विद्यार्थी हेच प्रश्न विचारतात. उत्तरं मोटार व्यवसाय डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. त्यात गाड्या बनवणारे आले, त्यांना भाग पुरवणारे आले, गाड्या विकणारे आणि दुरुस्त करणारेही आले.

मला गाड्यांचं वेड आहे. या क्षेत्रात यायला तेवढं पुरेल का?

वेड असलं तर उत्तमच, पण या कामात गाडीपेक्षा तिच्याबद्दलच्या नोंदींशी तुमचा संबंध जास्त येतो. इंजिनाची ताकद किती, हे तुम्हाला कोणी विचारणार नाही. ते इंजिन या घडीला कुठल्या ट्रकमध्ये आहे, ट्रक कुठवर आलाय आणि त्याला उशीर झालाच तर लाइनवरचा, म्हणजे गाड्या जोडण्याच्या ओळीवरचा, साठा किती वेळ पुरेल, हे विचारतील. असली कोडी सोडवायला ज्यांना आवडतं ते इथे रमतात. ज्यांना गाडी उघडून बघण्यातच खरा आनंद आहे त्यांनी सर्व्हिस किंवा डिझाइनकडे जावं. दोन्हीकडे गाडीच आहे, फक्त दिवस वेगळा जातो.

अभ्यासक्रमात नेमकं काय शिकवतात?

नावं थोडीफार बदलतात, गाभा तोच असतो: खरेदी, साठा व्यवस्थापन, गोदामाची मांडणी, रस्ता-रेल्वे-समुद्र-हवाई वाहतूक, आयात-निर्यातीची कागदपत्रं, खर्चाचा हिशोब, थोडी संख्याशास्त्राची तोंडओळख आणि एखादी संगणकप्रणाली. यातला बराचसा भाग औषधं, कपडे, धान्य अशा कुठल्याही मालाला लागू पडतो. मोटार व्यवसायाचं वेगळेपण तुम्हाला स्वतः जोडून घ्यावं लागतं, कारण एका पेपरात ते मावत नाही. अगदी स्क्रूपर्यंत मोजलं तर एका मोटारीत सुमारे ३०,००० भाग असतात. त्यातला एक जरी वेळेवर आला नाही तरी गाडी अर्धवट उभी राहते. इतर धंद्यांत एखादी वस्तू संपली तर तेवढीच विक्री बुडते.

शिकून झाल्यावर कामं कोणकोणती मिळतात?

ढोबळमानानं चार ठिकाणं. कारखान्यात भाग आणण्याचं काम, म्हणजे इनबाउंड. तयार गाड्या विक्रेत्यापर्यंत पोचवण्याचं काम, म्हणजे आउटबाउंड. सुट्या भागांचं गोदाम आणि वितरण. आणि चौथं, वाहनांचा ताफा चालवणाऱ्या कंपन्यांतलं फ्लीट व्यवस्थापन: मार्ग, इंधन, देखभाल, चालकांच्या पाळ्या. शिवाय या सगळ्यांना सेवा पुरवणाऱ्या त्रयस्थ लॉजिस्टिक्स कंपन्या असतात. नवख्या मुलांना पहिली संधी बऱ्याचदा तिथेच मिळते, कारण कारखान्याच्या आवारातलं गोदाम आणि लाइन-फीडिंगचं, म्हणजे लाइनवर भाग पोचवण्याचं, काम अनेकदा त्यांच्याकडेच दिलेलं असतं.

इनबाउंडचा दिवस कसा असतो? जरा उलगडून सांगा.

सकाळी आधी शॉर्टेज लिस्ट. आजच्या उत्पादन योजनेला कुठला भाग कमी पडणार, किती वाजता पडणार आणि तो कुठे अडकलाय, याची ही यादी. मग फोन सुरू होतात.

पुरवठादाराचा माल निघाला की त्याच्याकडून आगाऊ सूचना येते. कुठला भाग, किती नग, किती खोके, कुठल्या गाडीत, हे सगळं तीत असतं. ट्रक डॉकला, म्हणजे माल उतरवण्याच्या धक्क्याला लागतो, खोक्यावरचं लेबल स्कॅन होतं आणि सूचनेतला आकडा व प्रत्यक्ष माल जुळतो का ते पाहिलं जातं. आता समजा सूचनेत बारा खोके आहेत आणि उतरले अकरा. घाईच्या वेळी कोणीतरी म्हणतं, ‘घे रे बारा लिहून, मागून येईल.’ तिथेच पुढचा गोंधळ ठरतो. संगणकाला वाटतं माल आहे, म्हणून तो नवी मागणी पाठवत नाही. तीन दिवसांनी लाइनवरचा माणूस रॅकमध्ये हात घालतो तेव्हा खोका नसतो. मग विमानानं भाग मागवायचा, रात्री खास गाडी पाठवायची, आणि ते भाडं भागाच्या किमतीच्या कितीतरी पट. वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकात, म्हणजे आयएटीएफ १६९४९ मध्ये, अशा जादा भाड्याच्या घटनांवर पुरवठादारांनी लक्ष ठेवावं अशी अटच आहे. एवढा हा दुखरा भाग आहे.

या व्यवसायातलं निम्मं कौशल्य एवढ्यातच आहे, असं माझं मत आहे: नोंदीतला माल आणि जागेवरचा माल एक ठेवणं. वर्गात याला फारसा वेळ मिळत नाही, कारण यावर सूत्र मांडता येत नाही.

मिल्क रन, सिक्वेन्सिंग हे शब्द सारखे कानावर येतात. काय असतं ते?

मिल्क रनमध्ये एकच गाडी ठरलेल्या वेळी पाच-सहा पुरवठादारांकडे जाऊन थोडा थोडा माल उचलते. प्रत्येकाने अर्धी रिकामी गाडी पाठवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं आणि माल रोज थोडा थोडा येतो. परतीच्या फेरीत तीच गाडी रिकामे खोके परत नेते. या रिकाम्या खोक्यांकडे नवीन माणसाचं लक्ष जात नाही. भाग तयार आहेत पण भरायला ठरलेले खोके नाहीत, म्हणून माल निघत नाही, हे वाटतं त्याहून अधिक वेळा घडतं. ६०० बाय ४०० मिलिमीटरचा प्रमाणित प्लास्टिक खोका आणि तो ठेवायचा १२०० बाय ८०० चा पॅलेट, म्हणजे फळ्यांची बैठक, ही मापं डोक्यात पक्की बसवा. एका थरात चार खोके, किती थर चढवता येतील आणि गाडीत किती पॅलेट बसतील, हे गणित रोज लागतं.

सिक्वेन्सिंगमध्ये भाग नुसते वेळेवर येऊन भागत नाही, गाड्यांच्या क्रमानेच यावे लागतात. आसनांचं उदाहरण घ्या. रंगकाम झालेली बॉडी शेवटच्या लाइनवर शिरते तेव्हा आसनं बनवणाऱ्याला संदेश जातो: आधी काळ्या कापडाची, मग तपकिरी लेदरची, मग पुन्हा काळी. तो त्याच क्रमाने आसनं बनवतो आणि ट्रकमध्ये उलट्या क्रमाने भरतो, म्हणजे उतरवताना पहिलं लागणारं पहिलं हाताला येतं. मध्येच एक आसन खराब निघालं तर मागचा सगळा क्रम हलतो. अशा वेळी काय करायचं, याची पद्धत आधीच लिहून ठेवलेली नसेल तर डॉकवर आरडाओरडा ठरलेला.

जस्ट-इन-टाइम आता कालबाह्य झालं ना? चिप टंचाईनंतर सगळे तसंच म्हणतात.

म्हणतात खरे, पण ते अर्धंच खरं आहे.

जस्ट-इन-टाइम म्हणजे भाग लागेल तेव्हा आणि लागेल तेवढाच आणायचा. टोयोटात ताइइची ओनो यांनी ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात घडवली. अमेरिकी सुपरमार्केटमध्ये फळीवरून जेवढा माल जातो तेवढाच पुन्हा भरतात, ही कल्पना त्यांनी कारखान्यात आणली आणि कानबानची, म्हणजे ‘एवढा माल पुन्हा भरा’ सांगणारी, चिठ्ठी जन्माला आली. साठा कमी ठेवला की पैसा अडकत नाही आणि दोषही लगेच उघडे पडतात, कारण ते झाकायला ढीगच उरत नाही.

धोका कुठे आहे, हेही टोयोटाने स्वतःच अनुभवलं. १ फेब्रुवारी १९९७ रोजी आयसिन सेइकी कंपनीच्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या बहुतेक गाड्यांच्या ब्रेकमध्ये लागणारा एक लहानसा व्हॉल्व्ह जवळपास सगळा तिथूनच येत होता, आणि हाताशी साठा होता काही तासांचा. टोयोटाचे जपानमधले जवळजवळ सगळे कारखाने थांबले. पण इतर पुरवठादारांनी, अगदी शिलाई यंत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या ब्रदर कंपनीनेही, त्या भागाचे आराखडे मागवून घेतले आणि मिळेल त्या यंत्रावर तो व्हॉल्व्ह बनवायला घेतला. आठवड्याभरात गाड्या पुन्हा निघू लागल्या.

मार्च २०११ च्या जपानमधल्या भूकंपात रेनेसास कंपनीचा नाका या गावातला चिप कारखाना बंद पडला तेव्हा याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. व्हॉल्व्ह दुसरा कोणी बनवू शकतो, चिप नाही. त्यानंतर टोयोटाने कुठले भाग पटकन दुसरीकडून मिळणार नाहीत याची छाननी केली आणि पुरवठादारांना चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला. २०२० मध्ये अनेक वाहन कंपन्यांनी विक्री घसरली म्हणून चिपच्या ऑर्डरी कमी केल्या. चिपवाल्यांनी ती क्षमता संगणक-फोनवाल्यांना दिली. गाड्यांची मागणी परतली तेव्हा वाहन कंपन्या रांगेत मागे होत्या. टोयोटाला त्या साठ्यामुळे सुरुवातीला इतरांपेक्षा कमी झळ बसली, पण पुढे तिलाही उत्पादन कापावं लागलं.

तेव्हा परीक्षेत किंवा मुलाखतीत ‘जस्ट-इन-टाइम चांगलं की वाईट’ असा प्रश्न आला तर भागाची जात विचारा. स्थानिक, अवजड, रोज लागणारं बंपर साठवून ठेवायचं कारण नाही. दूरवरून येणारी, एकाच कारखान्यात बनणारी, खिशात मावेल एवढी चिप साठवायला काय जातं?

तयार गाड्यांच्या वाहतुकीत शिकण्यासारखं काय आहे? ट्रकवर चढवायच्या आणि पाठवायच्या, एवढंच ना?

बाहेरून तसं दिसतं खरं. कारखान्यातून निघालेली गाडी अनेक ठिकाणी हातांतून हातांत जाते: कारखान्याचं यार्ड, कार कॅरिअर (गाड्या वाहून नेणारा ट्रक) किंवा रेल्वे, बंदर, जहाज, पुन्हा यार्ड, पुन्हा कॅरिअर, विक्रेता. दर टप्प्यावर चासी नंबर स्कॅन करून गाडी फिरून बघायची, ओरखडा असला तर तिथेच नोंदवायचा. नोंद न करता गाडी ताब्यात घेतली की तो ओरखडा तुमचा. हा चासी नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. हातानं नंबर उतरवताना ‘ओ’ लिहिलेला दिसला तर तो चुकीचाच, हे डोळे झाकून सांगता येतं.

समुद्रमार्गे गाड्या बहुधा रो-रो जहाजातून जातात. चालक एकामागून एक गाड्या चालवत आत नेतात. गाड्यांच्या दोन रांगांत वीतभरही अंतर नसतं. म्हणून चालकांच्या कपड्यांना बाहेर बटणं-चेन नसतात, पट्ट्याचं बक्कल झाकलेलं असतं, घड्याळ-अंगठी काढून ठेवलेली असते. मग पट्ट्यांनी गाडी जमिनीला बांधतात. कुठली गाडी कुठल्या डेकवर, कुठल्या बंदरात कोणती आधी उतरणार आणि वजन कसं विभागलं जाणार, हे सगळं जहाजात माल भरण्याच्या आराखड्यात आधीच ठरलेलं असतं.

आकडे चुकले की काय होतं याचं मोठं उदाहरण ‘गोल्डन रे’ हे जहाज. ८ सप्टेंबर २०१९ रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या ब्रन्सविक बंदरातून चार हजारांहून अधिक गाड्या घेऊन निघालेलं हे जहाज वळण घेताना आडवं झालं. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत कारण निघालं ते असं: जहाज स्थिर राहावं म्हणून टाक्यांत जे पाणी भरतात त्याचे आकडे स्थिरतेच्या संगणकप्रणालीत चुकीचे भरले गेले होते. कागदावर जहाज स्थिर होतं.

यार्डात उभ्या गाड्यांचंही एक शास्त्र आहे. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की बॅटरी उतरते, टायर एका जागी चपटा पडतो, ब्रेक डिस्कवर गंज चढतो, पक्ष्यांची विष्ठा रंग खाते. म्हणून आधी आलेली गाडी आधी बाहेर, आणि मध्ये ठरावीक दिवसांनी तपासणी. यार्ड भरलेलं असलं की आधी आलेली गाडी नेमकी सगळ्यात आतल्या रांगेत सापडते. जागा आखतानाच हा विचार करावा लागतो.

सुट्या भागांचा विभाग म्हणजे साइड पोस्टिंग वाटतं. तिथे जावं का?

जावं. शिकायला याहून चांगली जागा नाही, आणि हे मी पटवून सांगतो.

कारखान्यात उद्या काय लागणार याची योजना असते. सुट्या भागांत कोणाची गाडी कधी बिघडेल हे कुणालाच ठाऊक नसतं. ऑइल फिल्टर रोज शेकड्यांनी जातात. वीस वर्षं जुन्या मॉडेलचा डॅशबोर्डचा एखादा स्विच वर्षातून एकदा मागितला जातो, आणि ज्याला हवा असतो त्याची गाडी त्याच्यावाचून अडून बसलेली असते. दोन्हींना एकच नियम लावून चालत नाही. म्हणून किमतीनुसार अ-ब-क वर्गवारी, आणि खपानुसार जलद, मंद, न हलणारे अशी दुसरी वर्गवारी. या दोन्ही एकत्र मांडल्या की नऊ खणांचा तक्ता होतो आणि प्रत्येक खणाचं धोरण वेगळं. महाग आणि न हलणारा खण म्हणजे डेड स्टॉक. तो दर महिन्याला बघायचा. स्वस्त आणि जलद खणातला माल संपला तर मात्र तुमची चूक, कारण तो भरून ठेवायला पैसे फार लागत नाहीत.

इथली आणखी एक गंमत म्हणजे बदलते पार्ट नंबर. कंपनी भागात किरकोळ सुधारणा करते आणि नवा नंबर देते. जुन्याच्या जागी नवा चालतो, पण नव्याच्या जागी जुना चालेलच असं नाही. काही वेळा नवा भाग बसवायला सोबत वेगळा ब्रॅकेटही लागतो. ही साखळी प्रणालीत नीट जोडलेली नसली तर रॅकवर भाग असूनही काउंटरवरचा माणूस ‘नाही’ म्हणून ग्राहकाला परत पाठवतो.

आणि हो, परत पाठवलेल्या ग्राहकाची नोंद. विक्रीचे आकडे सगळे ठेवतात, हुकलेली मागणी फार थोडे लिहितात. मग पुढच्या महिन्याचा अंदाज फक्त विकल्या गेलेल्या मालावर बांधला जातो आणि जो भाग कधीच नव्हता त्याची मागणीही ‘नाही’ असं दिसतं. ‘मागितलं आणि नव्हतं’ हा एक रकाना सुरू करणारा शिकाऊ मुलगा लगेच नजरेत भरतो.

गणित किती लागतं? माझं कच्चं आहे.

बारावीचं कॅल्क्युलस रोज लागत नाही. सरासरी, विचलन, टक्केवारी आणि आलेख वाचणं मात्र सहज जमलं पाहिजे.

एक नमुना बघा. एक भाग दिवसाला सरासरी ४० लागतो. मागणी रोज साधारण १० नगांनी वरखाली होते, म्हणजे प्रमाण विचलन १०. मागवल्यापासून माल यायला ९ दिवस लागतात. त्या नऊ दिवसांत ३६० नग लागणार. पण मागणी वाढली तर? ९ चं वर्गमूळ ३, त्याला १० ने गुणलं की ३०. शंभरातल्या ९५ वेळा माल पुरावा असं हवं असेल तर ३० ला १.६५ ने गुणा, सुमारे ५० नग. हा राखीव साठा. म्हणजे शिल्लक ४१० वर आली की ऑर्डर टाकायची. ९९ टक्के खात्री हवी असेल तर गुणक २.३३ होतो आणि राखीव साठा ७० वर जातो. शेवटच्या चार टक्के खात्रीसाठी वीस नग जास्त. ती खात्री त्या किमतीला परवडते का, हा निर्णय सूत्र घेत नाही, तुम्हाला घ्यावा लागतो. आणि पुरवठादाराचे ९ दिवस कधी ७, कधी १४ होत असतील तर हे सगळं गणित अपुरं पडतं. तेव्हा आधी तो वेळ स्थिर करा, सूत्र नंतर.

किफायतशीर ऑर्डर किती मोठी असावी याचं सूत्र तर फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्येच मांडलं. ते आजही शिकवतात.

कुठली सॉफ्टवेअर यायला हवीत?

स्प्रेडशीट, आणि तीही खोलवर: लुकअप, पिव्होट, दोन याद्यांतला फरक शोधणं. बाकी ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार एकत्र ठेवणारी प्रणाली), गोदाम प्रणाली, वाहतूक प्रणाली या प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या असतात आणि तिथे गेल्यावरच शिकवतात. एक गोष्ट मात्र आधी समजून घ्या: कारखाना आणि पुरवठादार यांच्यात चालणारा ईडीआय, म्हणजे संगणकाकडून संगणकाकडे जाणाऱ्या ठरावीक साच्यातल्या संदेशांचा, व्यवहार. पुढच्या काही आठवड्यांचा अंदाज एका संदेशात जातो, नक्की मागणी दुसऱ्यात, माल निघाल्याची सूचना तिसऱ्यात. तिन्हींचा ओघ कागदावर काढता आला की प्रणाली कुठलीही असो, तुम्ही हरवत नाही.

इन्कोटर्म्स पाठ करायचे का?

इन्कोटर्म्स म्हणजे आंतरराष्ट्रीय खरेदी-विक्रीत कोणाची जबाबदारी कुठपर्यंत, हे ठरवणारे नियम. सध्याच्या २०२० च्या आवृत्तीत अकराच नियम आहेत, पाठ होतील. पण प्रत्येकासाठी तीन प्रश्न सोडवता आले पाहिजेत: भाडं कोण भरणार, जोखीम नक्की कुठे हस्तांतरित होणार, आयात-निर्यातीची कागदपत्रं कोण करणार. नेहमीची गल्लत म्हणजे कंटेनरच्या मालाला एफओबी लावणं, ज्यात माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची असते. कंटेनर जहाजावर चढण्याच्या कितीतरी आधी टर्मिनलच्या ताब्यात जातो, मधल्या काळात नुकसान झालं तर वाद. तिथे एफसीए योग्य, कारण त्यात ठरलेल्या ठिकाणी वाहतूकदाराच्या ताब्यात माल दिला की जोखीम हस्तांतरित होते. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकून बसलं तेव्हा अनेकांनी आपले करार पहिल्यांदाच नीट वाचले असतील.

इलेक्ट्रिक गाड्यांमुळे या कामात काय बदललं?

इंजिन आणि गिअरबॉक्सचे कितीतरी भाग गेले, त्यांच्या जागी एक अवजड आणि धोकादायक वर्गात मोडणारी बॅटरी आली. लिथियम-आयन बॅटरी नवव्या वर्गातला धोकादायक माल आहे. वाहतुकीपूर्वी ती ‘यूएन ३८.३’ या चाचण्या उत्तीर्ण झालेली असावी लागते. सुटी बॅटरी माल म्हणून प्रवासी विमानातून नेता येत नाही, आणि मालवाहू विमानातून नेतानाही तिचं चार्जिंग सर्वसाधारणपणे ३० टक्क्यांच्या वर चालत नाही. गाड्या जड झाल्याने कार कॅरिअरवर जागा शिल्लक असते पण वजनाची मर्यादा आधी गाठली जाते. खराब झालेल्या बॅटरीची परतीची वाहतूक हा तर स्वतंत्रच विषय आहे, आणि तो नीट जाणणारी माणसं कमी आहेत. धोकादायक मालाचं प्रशिक्षण मिळत असेल तर सोडू नका. तसा धोकादायक माल मोटार व्यवसायात आधीपासून आहेच: एअरबॅगमध्ये स्फोटक रसायन असतं, ती सुटी पाठवताना खास नियम लागतात. सुट्या भागांच्या गोदामात ती इतर खोक्यांसारखीच दिसते, म्हणून जपायचं.

माझं इंजिनिअरिंग झालेलं नाही. अडेल का?

नाही. वाणिज्य शाखेची मुलं कागदपत्रं आणि खर्चाच्या कामात उलट पुढे असतात. भागांची नावं आणि गाडीतल्या त्यांच्या जागा मात्र शिकून घ्या. काउंटरवर ‘कंट्रोल आर्म’ म्हटल्यावर कोऱ्या चेहऱ्यानं बघू नये.

कॉलेज निवडताना काय बघू?

इमारत आणि माहितीपत्रक बघू नका. शेवटच्या सत्रात किमान काही महिने प्रत्यक्ष गोदामात किंवा कारखान्यात काम आहे का, ते बघा. शिकवणाऱ्यांत कोणी या धंद्यात नोकरी केलेलं आहे का, हेही विचारा. माजी विद्यार्थी कुठे ‘लागले’ एवढंच न विचारता दोन वर्षांनी ते कुठे आहेत, हे विचारा. आणि प्रकल्प कसे असतात ते पाहा. ‘लॉजिस्टिक्सचे महत्त्व’ अशा शीर्षकाचे प्रकल्प मान्य होत असतील तर दुसरीकडे बघा.

मग प्रकल्प कुठला घ्यावा?

लहान आणि मोजता येईल असा. एका गोदामातल्या शंभर भागांची नोंद आणि प्रत्यक्ष साठा ताडून बघा, तफावत कुठे आणि का येते ते शोधा. किंवा डॉकवर ट्रक किती वेळ उभा राहतो ते दोन आठवडे घड्याळ लावून मोजा: गेटवर किती, कागदपत्रांत किती, खरं उतरवायला किती. उतरवणं सगळ्यात कमी वेळ घेतं असं बहुधा निघतं. असा एक तक्ता मुलाखतीत समोर ठेवला की पुढचा अर्धा तास तुमचाच.

सीआयएलटी, सीएससीपी अशी प्रमाणपत्रं उपयोगी पडतात का?

पडतात, पण लगेच नाही. सीआयएलटी (चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ लॉजिस्टिक्स अँड ट्रान्सपोर्ट) ही १९१९ मध्ये स्थापन झालेली जुनी व्यावसायिक संस्था आहे. सीपीआयएम, सीएससीपी आणि सीएलटीडी ही एएससीएमची (असोसिएशन फॉर सप्लाय चेन मॅनेजमेंट) प्रमाणपत्रं, ही संस्था पूर्वी एपिक्स नावाने ओळखली जायची. साठा आणि उत्पादन नियोजनात जायचं असेल तर सीपीआयएम, पूर्ण साखळी बघायची असेल तर सीएससीपी, वाहतूक-गोदामाकडे कल असेल तर सीएलटीडी. दोन-तीन वर्षं काम केल्यावर अभ्यासाला बसलात तर पुस्तकातलं प्रत्येक पान ओळखीचं वाटेल आणि फी सार्थकी लागेल. अनुभव नसताना तीन प्रमाणपत्रं घेतलेला उमेदवार मुलाखत घेणाऱ्याला थोडा बुचकळ्यात पाडतो.

कामाचा ताण असतो का?

असतो. लाइन पाळ्यांत चालते, त्यामुळे तुमचा फोनही पाळ्यांत वाजतो. महिनाअखेरीला डिस्पॅचचा रेटा, वर्षअखेरीला साठा मोजणी. सगळं सुरळीत असलं तर कोणी नावही घेत नाही, अडलं की सगळे तुमच्याकडेच बघतात. हे ज्याला सहन होत नाही त्याने नियोजन किंवा खरेदीच्या बाजूला जावं, तिथे वेळा जरा माणसासारख्या असतात.

यंत्रं आणि रोबो आल्यावर या नोकऱ्या राहतील?

खोका उचलण्याची, रॅकपर्यंत नेण्याची कामं कमी होत आहेत. ‘बारा म्हटलेत आणि अकराच आहेत, बारावा कुठे गेला’ याचा माग काढायला माणूसच लागतो, आणि यंत्रं वाढली तसा तो अधिकच लागतो, कारण यंत्र चुकीच्या नोंदीवरही तितक्याच इमानदारीनं काम करत राहतं.

मी स्टोअरमध्ये मदतनीस आहे, किंवा ट्रक चालवतो. मला वर जाता येईल का?

येईल, आणि तुमच्या हाताशी जे आहे ते पदवीधर मुलाकडे नसतं. डॉकवर गाडी उलटी लावायला किती जागा लागते, कुठला खोका तळाशी ठेवला की चेपतो, कोणता मार्ग नकाशावर जवळचा पण प्रत्यक्षात लांबचा, हे तुम्हाला ठाऊक आहे. संगणक आणि लिखापढी शिकून घ्या, दूरशिक्षणातून पदविका करा. सुपरवायझरच्या जागेसाठी विचारायला लाजू नका.

गाडी चालवण्याचा परवाना लागतो का?

यार्डात किंवा तयार गाड्यांच्या कामात हवाच, आणि गिअरची गाडी सफाईनं चालवता आली पाहिजे. फोर्कलिफ्टसाठी वेगळं प्रशिक्षण लागतं. ते नसताना ‘जरा बाजूला घे’ म्हणून कोणी चावी हातात दिली तर घेऊ नका, मग तो कितीही वरचा साहेब असो.